पाठीवरून उतरणारा रंग

पोळ्याच्या दिवशी दुपारी हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावाच्या वेशीत उभं राहावं. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झालेली असते, सकाळी बैल नदी-ओढ्यावर धुऊन निघालेले असतात आणि आता ते नटून ओळीनं येतात. शिंगांना हिंगूळ, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळा, नवी वेसण, नवा कासरा, अंगावर गेरूचे ठसे, आणि पाठीवर आरसे-गोंड्यांची झूल. बैलाला वर्षातून एकदा मिळणारा हा पोशाख बघायला सगळं गाव लोटतं. माझी नजर मात्र झुलीचा काठ जिथं संपतो तिथं अडकते. तिथून खाली बैलाचा रोजचा अंगरखा सुरू होतो. तो कुणी शिवलेला नाही, कधी उतरत नाही, आणि त्याचा रंग, पोत, लांबी हे सगळं वासरू आईच्या पोटात असतानाच जवळजवळ ठरून गेलेलं असतं. या अंगरख्याइतकी नवलाची वस्तू मला दुसरी माहीत नाही.

आपल्या भागात जे अंगरखे बघायला मिळतात त्यांपैकी लाल कंधारीपासून सुरुवात करू. नांदेड जिल्ह्यातल्या कंधार परिसराची ही जात परभणी, हिंगोली, लातूरकडंही पसरलेली आहे. अंगभर एकच गडद लाल रंग, कुठं विटकरीकडं झुकणारा, कुठं तपकिरीकडं. आणि गाईपेक्षा वळू बहुधा जास्त गडद. शेजारी देवणी उभी केली तर चित्र पालटतं. लातूरकडच्या या जातीत रंगाचे तीन प्रकार शेतकऱ्यांनीच नावं देऊन वेगळे काढले आहेत: अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे ठिपके तो वाघ्या किंवा शेवरा, आणि जवळपास सगळा पांढरा तो बाळंक्या. त्यात उस्मानाबादी शेळ्यांचा काळा कळप, धनगराची दख्खनी मेंढरं, दारातली बांडी कुत्री, ओट्यावरचं तीनरंगी मांजर मिळवा. केवढी ही विविधता! आणि आता खरं आश्चर्य: या सगळ्या रंगांसाठी निसर्गानं फक्त दोन द्रव्यं वापरली आहेत.

दोन्ही मेलॅनिनच्याच कुळातली. एक काळं-तपकिरी, दुसरं लालसर-पिवळं. सस्तन प्राण्याच्या केसात रंग भरायचा तर या दोघांतूनच. पांढरा म्हणजे दोन्हींची गैरहजेरी. पक्ष्यांच्या पिसांत निळं आहे, हिरवं आहे. सापा-सरड्यांना तेही जमतं. पण हिरव्या केसांचा एकही प्राणी आपल्या रानात नाही. शेतात घुसणारा रोही निळा दिसतो खरा, म्हणून तर हिंदीत त्याला नीलगाय म्हणतात. पण ते काळपट आणि पांढऱ्या केसांच्या मिश्रणातून डोळ्याला होणारा भास आहे. शिवाय निळा असतो तो वयात आलेला नर. मादी आणि पोरं भुरकीच. काळविटाचंही तसंच: पिल्लू नर आईसारखा बदामी असतो आणि वाढत्या वयाबरोबर त्याची पाठ काळी पडत जाते. म्हणजे कातडीवरचे केस अंगातल्या संप्रेरकांचं ऐकतात आणि कळपातल्या बाकीच्यांना दुरूनच वय आणि लिंग कळवतात.

काळं भरायचं की लाल, याचा निर्णय होतो तो केसाच्या मुळाशी. तिथं रंग बनवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक असतो, शास्त्रज्ञ त्याला एमसी१आर म्हणतात. त्याला ठरावीक संप्रेरकाचा स्पर्श झाला की पेशी काळं बनवते. स्पर्श झाला नाही, किंवा ग्राहकच जन्मतः बिघडलेला असला, की पेशी लाल बनवत राहते. तांबूस घोडा याच बिघाडातून येतो, म्हणूनच दोन तांबूस घोड्यांचं शिंगरू तांबूसच निपजतं. आयरिश सेटर जातीचा लालभडक कुत्रा त्यातूनच येतो, युरोपातल्या कित्येक लाल गाई त्यातूनच येतात, आणि लाल केसांची माणसंसुद्धा. एका रेणूत झालेले छोटे बदल, आणि त्यातून घोडा, कुत्रा, गाय, माणूस सगळे एका रंगाला येतात!

आता सोयाबीनच्या काकरीतून उठून पळणारा ससा आठवा. त्याचा रंग काय, असं विचारलं तर पटकन सांगता येत नाही. मातीसारखा, एवढंच सुचतं. त्याचा एक केस उन्हात धरून पाहिला तर कारण दिसतं. त्या एका केसावरच रंगांचे पट्टे आहेत: टोक काळं, खाली पिवळसर पट्टा, मग पुन्हा गडद. केस वाढत असताना मुळाशी एक दुसरा रेणू मधेच येतो, त्या ग्राहकाला अडवून धरतो, तेवढ्या वेळापुरतं पिवळं भरलं जातं. तो निघून गेला की पुन्हा काळं. अंगावरच्या हजारो केसांत ही अदलाबदल होते आणि त्यातून जो रंग उमटतो तो कोरड्या ढेकळात दिसेनासा होतो. लांडग्याच्या, कोल्ह्याच्या, रानमांजराच्या अंगावरही हेच विणकाम आहे. माणसानं पाळलेल्या जनावरांत मात्र ते पुष्कळदा मोडून पडलं: कुठं सगळं काळं, कुठं सगळं लाल. रानात जो रंग जिवावर बेतला असता, तो गोठ्यात आवडीनं सांभाळला गेला.

मग पांढरे पट्टे, कपाळावरचा चांद, चारही पायांत पांढरे मोजे, शेपटीचं पांढरं टोक, हे कुठून आलं? गावातली दहा कुत्री पाहा. पांढरं कुठं आहे? छाती, पोट, पंजे, शेपटीचा शेंडा, नाहीतर नाकावरून कपाळाकडं जाणारी रेघ. पाठीचा कणा मात्र रंगीत. पाठ पांढरी आणि पोट काळं असं बांडं कुत्रं बघायला मिळणं फार अवघड. घोड्याचंही तेच. चार पाय आणि तोंड पांढरं असलेल्या घोड्याला आपल्याकडं पंचकल्याणी म्हणतात आणि तो शुभ मानतात. पण पांढरं नेमकं याच पाच ठिकाणी का यावं?

कारण रंगाचा उगम पाठीवर आहे. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पाठीच्या मध्यरेषेवर, जिथं पुढं मज्जारज्जू होणार तिथं, पेशींचा एक खास समूह तयार होतो. यांतल्या काही पेशी पुढं चेहऱ्याची हाडं होतात, काही नसा होतात, काही मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा भाग होतात, आणि काही रंगाच्या पेशी होतात. या रंगपेशी पाठीवरून निघतात आणि कातडीतून वाट काढत दोन्ही बाजूंनी खाली उतरत जातात. उतारावर सोडलेलं पाणी जसं मातीत मुरत पुढं सरकतं तशा. वाटेत त्यांची संख्या वाढत असते. पोटाच्या मधोमध, पायाच्या टोकाला, कपाळाच्या मध्यावर त्या सगळ्यात शेवटी पोहोचतात. गर्भाची कातडी तोपर्यंत वाढून बसते. पेशी कमी पडल्या की ही शेवटची ठिकाणं रिकामी राहतात, आणि तिथं उगवणारा केस पांढरा येतो. पंचकल्याणी घोड्याची पाचही शुभचिन्हं म्हणजे पाठीपासूनची सर्वांत लांबची ठिकाणं आहेत.

पूर्वी असं समजत की या पेशी हळू चालतात म्हणून वेळेत पोहोचत नाहीत. २०१६ साली एडिंबरा आणि बाथ इथल्या संशोधकांनी बांड्या उंदरांच्या गर्भांत पेशींची हालचाल प्रत्यक्ष पाहिली, गणितानं ताडून पाहिली, आणि निराळंच निघालं. पेशी चालण्यात मागं नव्हत्या. त्या पुरेशा वाढत नव्हत्या. आणि ठरलेल्या दिशेनं जाण्याऐवजी त्या बऱ्याच अंशी वाट फुटेल तिकडं जात होत्या. म्हणूनच एकाच बीजातून झालेल्या जुळ्या भावंडांचेसुद्धा ठिपके तंतोतंत जुळत नाहीत. जनुकं ठिपके येतील एवढंच ठरवतात. कोणता ठिपका कुठं, हे त्या पेशींच्या भटकण्यावर राहतं. वाघ्या देवणीच्या पाठीवरचा नकाशा दुसऱ्या कुठल्याच बैलावर सापडत नाही, तो अशा भटकण्यांमुळं.

डाल्मेशियन कुत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. ठिपक्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या या कुत्र्याची पिल्लं पांढरीशुभ्र जन्मतात, आणि ठिपके दीड-दोन आठवड्यांनी उमटू लागतात. डोडी स्मिथ यांच्या १९५६ सालच्या कादंबरीतली आणि तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांतली क्रुएला या पिल्लांच्या कातड्याच्या कोटासाठी वेडी झालेली असते. तिला हवा तो कोट जन्माला येताना कोराच असतो, ही गोष्ट मला त्या कथेइतकीच रंगतदार वाटते.

तीनरंगी मांजरात नशिबाचा हात आणखी स्पष्ट दिसतो. काळं, केशरी आणि पांढरं असं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. केशरी रंगाचं जनुक एक्स या गुणसूत्रावर आहे. मादीला अशी दोन असतात आणि तिच्या प्रत्येक पेशीत त्यांतलं एक फार लवकर, कुठलाही नियम न पाळता, झोपी जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली. जिथं केशरीचं जनुक जागं राहिलं तिथं केशरी ठिपका, जिथं झोपलं तिथं काळा. ते जनुक नेमकं कोणतं हे कळायला मात्र २०२५ साल उजाडलं. जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी ते एकाच वेळी शोधलं. ओट्यावर झोपलेल्या मांजरीच्या पाठीवर गर्भातल्या त्या निवडी उघड्या डोळ्यांनी वाचता येतात.

लांडग्याच्या अंगावर असे पांढरे डाग सहसा नसतात. कुत्र्याच्या अंगावर ते जागोजाग दिसतात. हा फरक पाळीवपणाशी बांधलेला असावा, असा संशय डार्विनच्या काळापासून आहे. १९५९ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री बेल्याएव यांनी सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कजवळ रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. दर पिढीत माणसाला सर्वांत कमी घाबरणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच वीण पुढं न्यायची. रंग निवडायचा नाही, रूप निवडायचं नाही, फक्त स्वभाव. काही पिढ्यांतच काही कोल्ह्यांच्या कपाळावर पांढरा चांद दिसू लागला. भीती जागवणारी ग्रंथी आणि रंगपेशी या दोघांचं मूळ पाठीवरच्या त्याच समूहात आहे. तो समूह थोडा मंदावला की भीतीही कमी आणि रंगही कमी, असं स्पष्टीकरण २०१४ मध्ये पुढं आलं. यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, ते कोल्हे आधीच फार्मवर वाढलेले होते असा आक्षेप आहे. तरी माझं मन या कल्पनेकडं ओढ घेतं. मोत्याच्या कपाळावरची पांढरी रेघ आणि त्याचं शेपूट हलवत अंगाला येऊन बिलगणं, दोन्ही एकाच उगमातून आलेलं असू शकतं, हा विचार केवढा मोठा आहे!

मराठवाड्यात कुत्र्यांच्या अंगरख्याचा एक सुंदर नमुना आहे. लमाणांच्या तांड्यांबरोबर, काफिल्यांबरोबर फिरलेला तो सडपातळ, लांब पायांचा कारवानी. अंगावर मखमलीसारखी आखूड, घट्ट बसलेली लव. त्याच्याच भाऊबंदांत कानावर, पायांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केसांच्या झिरमिळ्या असलेला तो पश्मी. हाडापेरानं दोघे एकच, फक्त केस निराळे. कुत्र्यांच्या केसांत जगभर एवढी तऱ्हा आहे की त्यामागं शेकडो जनुकं असतील असं वाटावं. २००९ साली अमेरिकन संशोधकांनी सुमारे ८० जातींचे हजारांवर कुत्रे तपासले, तेव्हा बहुतेक सगळा खेळ तीन जनुकांवर येऊन थांबला. एक केसाची लांबी ठरवतं, दुसरं भुवया-मिशा देतं, तिसरं केस कुरळे करतं. लांबीच्या जनुकाचं काम ऐकण्यासारखं आहे: केसाला ‘आता वाढू नको’ असं सांगायचं. हा निरोप पोहोचला नाही की केस वाढतच राहतो. लांब केस ही बहुतेक कुत्र्यांत नव्यानं मिळालेली देणगी नसून चुकलेला निरोप आहे.

आणि काळा कुत्रा? त्याचा काळेपणा वर सांगितलेल्या ग्राहकातून येतोच असं नाही. पुष्कळ कुत्र्यांत तो अशा प्रथिनातून येतो, ज्याच्या कुळाचं मूळ काम जंतूंशी लढणं आहे. हे २००७ साली कळलं. दोन वर्षांनी त्याहून अजब गोष्ट उजेडात आली. उत्तर अमेरिकेतल्या रानात जे काळे लांडगे हिंडतात, त्यांना हा काळा रंग कुत्र्यांकडून मिळालेला आहे. कुत्रा लांडग्यापासून आला हे आपण शाळेत शिकतो. कुत्र्यानं लांडग्याला काळा कोट परत दिला, हे मात्र शिकवलं पाहिजे.

रंगाबद्दल इतकं बोललो, पण मराठवाड्याच्या चैत्र-वैशाखात रंगापेक्षा मोठा प्रश्न उन्हाचा असतो. पारा चाळिशी ओलांडतो, रस्त्यावरचं डांबर मऊ होतं, अशा वेळी अंगावर लोकर घेऊन मेंढी कशी चरते? माणसाचं पहिलं उत्तर असं, की बिचारीला उकडत असणार, कातरून टाका. ऑस्ट्रेलियात भर उन्हातल्या मेरिनो मेंढ्यांची तापमानं मोजली गेली, तेव्हा लोकरीचं टोक ८० अंशांच्या वर तापलेलं आढळलं. त्याच वेळी खाली कातडी चाळिशीच्या आसपास होती. चार बोटांच्या लोकरीत चाळीस अंशांचा फरक! ऊन टोकावर अडतं, तिथं तापतं, आणि वारा ती उष्णता बाहेरच्या बाहेर घेऊन जातो. केसांमध्ये अडकलेली हवा आत काही शिरू देत नाही. सहाराच्या वाळवंटात क्नूत श्मित-निएलसन यांनी उंटाची लोकर कातरून पाहिली, तर त्याचा घाम निम्म्यानं वाढला. उंटाचा कोट थंडीइतकाच उन्हासाठीही आहे. केसाळ कुत्र्याला उन्हाळ्यात वस्तऱ्यानं भादरून टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्याची विंचरून मोकळी केलेली लव त्याला सावली देते. उघडी कातडी भाजते.

गाईनं मात्र दुसरा मार्ग धरला. आपल्या देशी जनावरांच्या अंगावर आखूड, तुकतुकीत, अंगाला चिकटलेली लव असते. ती ऊन परतवते आणि घाम वाऱ्याला लागू देते. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल जातीच्या गाईंतही अशीच गुळगुळीत लव आहे, आणि २०१४ मध्ये तिचं मूळ सापडलं ते दुधाशी निगडित संप्रेरकाच्या ग्राहकात. म्हशीनं तर अंगरखाच टाकून दिला. रेडकू जन्मतं तेव्हा अंगभर दाट केस असतात, मोठं होता होता ते विरळ होत जातात आणि उरते काळी, उघडी कातडी, तीही घामाच्या ग्रंथी कमी असलेली. मग चिखल हाच तिचा कोट. मराठवाडी म्हैस दुपारी डोहात का बसून असते, याला आळस म्हणणारा माणूस म्हशीला ओळखत नाही.

लोकरीचं उन्हातलं कसब धनगराच्या काळ्या घोंगडीपर्यंत येऊन पोहोचतं. भर उन्हात काळं पांघरावं का? १९८० साली ‘नेचर’ नियतकालिकात याच प्रश्नावर एक लेख आला होता. त्यात विचारलं होतं ते सिनाईच्या वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांबद्दल. संशोधकांनी एका माणसाला आधी काळा, मग पांढरा झगा घालून उन्हात उभं केलं. काळा झगा जास्त तापला, पण ती उष्णता सैल झग्याखाली खेळणारी हवाच घेऊन गेली; कातडीपर्यंत पोहोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. सैलपणा महत्त्वाचा, रंग नाही. घोंगडीची खरी परीक्षा मात्र मृगाच्या पावसात. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ. ती खड्ड्याच्या मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि पाणी शोषताना ती स्वतः थोडी उष्णता सोडते. मेंढराच्या पाठीवरचं सगळं शहाणपण कातरल्यावरही धाग्यात शिल्लक राहतं. बैलाची लव, मांजराची मिशी, घोंगडीचा धागा, आपलं नख: सगळं केराटिन या एकाच प्रथिनाचं.

इथं हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी आठवल्याशिवाय राहवत नाही. संत नामदेवांचं हे जन्मगाव मानलं जातं, आणि नामदेव शिंप्याच्या घरातले. कापड बेतणं, अंगावर बसवणं या कलेचं नातं या मातीशी किती जुनं आहे! जनावराचा कोट आतून उगवतो; माणसाला तो बाहेरून शिवावा लागतो. आणि शिवलेल्या कोटाची एक खुबी अशी, की तो घालून आपण दुसरं कुणीतरी होऊ शकतो.

हिंगोलीच्या दीडशेहून जास्त वर्षांच्या दसऱ्यात रामलीला बघितलेल्या पोरांना हे कुणी सांगायला नको. वानरसेना आली की मागं शेपटी आणि तोंडाला रंग, बाकीचं वानर बघणाऱ्याच्या मनात तयार होतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला, त्यात गणपत शिंदे हनुमान झाले होते आणि अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही. एकच माणूस, पोशाख बदलला की पुरुषाची स्त्री. पडद्यावर पोशाखाची ताकद पहिल्यापासून अशी सिद्ध झाली.

या कलेत आपल्या मराठी मुलुखानं जगाला एक फार मोठं नाव दिलं. भानू अथैय्या. १९२९ साली कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात जन्म, वडील चित्रकार, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ‘गांधी’ या चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. तो चित्रपट मला एका कोटाची कथा वाटतो. सुरुवातीच्या एका प्रसंगात तरुण बॅरिस्टर विलायती सूटबूट घालून पहिल्या वर्गाच्या डब्यात बसलेला असतो, आणि १८९३ सालच्या त्या रात्री पीटरमारित्झबर्गच्या फलाटावर त्याला उतरवलं जातं. पुढं एकेक कपडा गळत जातो, १९२१ नंतर उरतो तो पंचा. संवाद बंद करून नुसते कपडे पाहत गेलात तरी माणूस कळतो. रोह्याची पाठ जशी त्याचं वय सांगते, तसं इथं कापड बोलतं; आणि कापडाला बोलायला लावणारी बाई कोल्हापूरची होती. २०१२ साली अथैय्या यांनी ते ऑस्कर नीट जपलं जावं म्हणून अकादमीकडं परत पाठवलं. आपल्याकडं असा मान सांभाळणारं संग्रहालय त्यांना दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पडद्यावर प्राण्यांचाही पोशाख असतो, आणि तो शिंप्याच्या हातात नसतो. १९४३ सालच्या ‘लॅसी कम होम’मध्ये लॅसी ही मादी आहे, पण काम केलं ते पाल नावाच्या नरानं. आधी निवडलेल्या मादीचे केस चित्रीकरणाच्या दिवसांत गळू लागले, अंग भकास दिसू लागलं, आणि भरगच्च आयाळीचा पाल पुढं आला. पुढंही लॅसी बहुधा नरच होत आले. या केस गळण्यामागं बहुतांशी दिवसाची लांबी असते. डोळ्यांवाटे प्रकाशाचा हिशेब मेंदूत जातो, रात्र किती मोठी हे एका संप्रेरकाच्या पाझरण्यावरून कळतं, आणि हिवाळी केस ठेवायचे की टाकायचे हे ठरतं. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवर उन्हाळ्याचा दिवस जवळपास १९ तासांचा आणि हिवाळ्याचा ६ तासांच्या आत. तिथल्या बुटक्या पोनीच्या अंगावर थंडीत अस्वलासारखे केस येतात. सेनगावात हाच फरक अकरा ते सव्वातेरा तास एवढाच. म्हणून आपलं तट्टू वर्षभर जवळजवळ एकाच कपड्यात दिसतं. शर्यतीच्या तबेल्यांत थंडीतही रात्री दिवे लावून ठेवतात ते घोड्याला उन्हाळा वाटावा आणि अंग तुकतुकीत राहावं म्हणून.

घोडे आणि कुत्रे दोन्ही एका ठिकाणी बघायचे तर मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला जावं. खंडोबाची यात्रा. देव घोड्यावरचा, त्याच्यासोबत कुत्रा, आणि त्याचे भक्त वाघ्ये. बाजारात घोड्यांच्या रांगा लागतात. लाल कंधारी आणि देवणी जनावरंही येतात. घोड्याचा भाव चालीवर ठरतो तसा रंगावर आणि अंगावरच्या भोवऱ्यांवरही. पांढऱ्या घोड्याभोवती गर्दी जास्त, कारण वरातीला तोच लागतो. पण पांढरे घोडे दोन तऱ्हेचे असतात. सब्जा काळा किंवा तांबूस जन्मतो आणि सहा-आठ वर्षांत हळूहळू पांढरा होत जातो. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या गटानं २००८ साली दाखवलं की हे डीएनएच्या सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा छापला गेल्यामुळं होतं, आणि तपासलेल्या सगळ्या जातींच्या सब्ज्या घोड्यांत तोच दुहेरी तुकडा आढळला. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाची ही मिळकत. तिची किंमतही आहे: पंधरा वर्षांपुढच्या अशा घोड्यांपैकी बहुतेकांच्या शेपटीखाली काळ्या गाठी येतात. नुकरा मात्र जन्मापासूनच पांढरा. त्याच्या कातडीत रंगपेशी उतरलेल्याच नसतात. दुरून दोघे सारखे दिसतात. मालकाला विचारून घोड्याच्या नाकपुडीजवळची, नाहीतर डोळ्याभोवतीची कातडी पाहावी. काळी असेल तर सब्जा, गुलाबी असेल तर नुकरा. आणि नुकरा निघाला तर उन्हात त्याच्या नाकाला खोबरेल लावता का, हेही जाता जाता विचारावं, कारण ती गुलाबी कातडी लवकर भाजते.